आमच्या साडूंचा नाताळ

येशूच्या जन्माचा सगळ्यात जास्त त्रास जर कुणाला झाला असेल, तर तो बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाला. आणि त्याच्या खालोखाल आमच्या साडूंना. हेरोदाचं एक बरं होतं. त्याला तो ताप एकदाच झाला. साडूंना दर डिसेंबरात नव्यानं होतो, आणि हेरोदासारखं सिंहासनावर बसून चिडण्याची सोयही त्यांना नाही. त्यांना हसत राहावं लागतं. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. सांगलीत पाळक आहेत. चर्चचा कारभार ज्याच्या गळ्यात असतो त्याला आम्ही ख्रिस्ती लोक पाळक म्हणतो, आणि तो ज्यांना पाळतो त्या सगळ्यांना मिळून मंडळी. साडूंची मंडळी सांगलीत आहे, कुपवाडच्या कारखान्यांत आहे, माधवनगरात आहे, आणि चार-दोन घरं उसाच्या पट्ट्यात अशा ठिकाणी आहेत की तिथं पोचेपर्यंत माणसाच्या तोंडून प्रार्थना आपोआप सुरू होते. एवढ्या सगळ्यांना मिळून पाळक एक आणि त्याची स्कूटर एक. दोघंही आता जुनी झाली आहेत, पण किक मारली की अजून चालू होतात.

मी साताऱ्याचा. सगळी नोकरी एस.टी.च्या स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली. त्यामुळं गर्दीच्या दिवसांत माणसाचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. गणपती-दिवाळीला आम्ही जादा गाड्या सोडायचो. साडूंकडं जादा गाडी नाही. असलेल्या एकाच गाडीच्या ते फेऱ्या वाढवतात. डिसेंबर उजाडला की रविवारच्या शाळेचा नाताळ, महिला मंडळाचा नाताळ, तरुण संघाचा नाताळ, कुपवाडच्या कामगारांचा नाताळ, दवाखान्यातल्या नर्सबाईंचा नाताळ, असे एकामागून एक नाताळ लागतात. प्रत्येक नाताळात केक कापायचा असतो आणि त्यानंतर पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलायचे असतात. खरा नाताळ येईपर्यंत साडूंच्या हातून इतके केक कापून आणि इतके दोन शब्द बोलून झालेले असतात की ती सवय पुढं महिनाभर सुटत नाही. एकदा जानेवारीत ते आमच्याकडं साताऱ्याला आले होते. हिनं त्यांच्यापुढं कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडून ठेवला, तर साडू खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि घसा साफ करू लागले. मी दंडाला धरून खाली बसवलं तेव्हा कुठं पेढा उचलला.

त्यांची सगळ्यात मोठी अडचण अशी की त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. नाताळात आमच्यात घरोघरी फराळ असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, सगळं दिवाळीचंच, फक्त महिना वेगळा. पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना करून गेले आणि करंजीला तोंड न लावता गेले, तर त्या घरातली बाई वर्षभर मनात धरते, अशी साडूंची पक्की समजूत आहे. पण सगळ्या मंडळीच्या करंज्या एका पोटात मावणार कशा? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. एक घास खायचा, "वा, यंदा खुसखुशीत झालीय," असं म्हणायचं आणि उरलेली करंजी रुमालात गुंडाळून खिशात टाकायची. उपासनेला घालायच्या पांढऱ्या झग्याचे खिसे चांगले खोल असतात, त्यामुळं ही युक्ती बरीच वर्षं बिनबोभाट चालली. मग एका रविवारी भर उपदेशात त्यांना शिंक आली आणि त्यांनी रुमाल ओढला, तशी एक चकली उडून पुढच्या बाकासमोर पडली. साडू शांतपणे खाली उतरले, चकली उचलली, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेजारी नीट ठेवली आणि जिथं थांबले होते त्याच वाक्यापासून पुढं सुरू झाले. चकली ओळखणारी बाई तिसऱ्या बाकावर होती. ती पुढं वर्षभर बोलली नाही म्हणे. म्हणजे समजूत अगदीच चुकीची नव्हती.

प्रार्थनेचंही तसंच. साडूंकडं प्रार्थना कुणीही, कधीही, कुठंही मागू शकतो. स्कूटरवर हेल्मेटमध्ये फोन खोचून "हे कृपाळू पित्या" असं म्हणत जाणारा माणूस तुम्हाला विश्रामबागेच्या चौकात दिसला, तर ते आमचे साडू. पेट्रोल पंपावर पाइप टाकीत असतानाच कुणाच्या तरी पोराच्या मुलाखतीसाठी त्यांनी प्रार्थना केलेली मी पाहिली आहे. शेवटी ते "आमेन" म्हणाले आणि पंपावरच्या माणसानंही हात जोडले, नळी तशीच काखेत धरून. डिसेंबरात मात्र थकव्यानं प्रार्थनांची अदलाबदल होते. एका घरी नव्या बुलेटवर आशीर्वाद मागायला बोलावलं होतं. साडूंनी तिच्या टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि कळवळून म्हणाले, "हे प्रभो, या तुझ्या लेकराला या अंथरुणातून लवकर उठव." मालक हळूच म्हणाला, "सायेब, गाडी हाय ती." साडूंनी डोळे न उघडता "गाडीलाही," असं जोडलं आणि पुढं गेले. ती बुलेट अजून एकदाही बंद पडलेली नाही, असं मालक सगळ्यांना सांगत असतो. त्यामुळं आता लोक नव्या गाडीसाठी मुद्दाम आजारपणाचीच प्रार्थना मागतात.

मंडळीतली भांडणंही त्यांच्याच दारात येतात. नाताळच्या नाटिकेत येशूची आई मरिया कुणी व्हायचं, यावरून दरवर्षी दोन-तीन आया एकमेकींकडं बघेनाशा होतात. साडूंनी तोडगा म्हणून देवदूतांची संख्या वाढवली. आता आमच्या नाटिकेत मेंढपाळ तीन आणि देवदूत मोजता येत नाहीत इतके. मेंढपाळ खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन धनगरासारखे येतात, ते मला फार आवडतं. एका वर्षी एका मेंढपाळानं उत्साहाच्या भरात घरचं खरं करडू आणलं. करडानं आधी गव्हाणीतलं गवत खाल्लं, मग बाळाला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या एका ज्ञानी पुरुषाची दाढी. साडू पडद्याआडून धावत आले, करडाला काखेत मारलं आणि उरलेला सगळा कार्यक्रम ते तसंच धरून उभे राहिले. दोन शब्दही करडासकट बोलले.

हे सगळं ऐकताना माणूस हसतो, मीही हसत आलो. पण या सगळ्याची दुसरी बाजू माझ्या मेहुणीच्या स्वयंपाकघरात असते. तिथं नाताळच्या आधी डब्यांवर डबे भरून फराळ होतो आणि तो सगळा दुसऱ्यांकडं जातो. पंचवीस तारखेला सकाळची उपासना झाली की साडू जे बाहेर पडतात, ते दवाखाना, आजारी म्हातारी माणसं, कुपवाड, माधवनगर असं करत अंधार पडल्यावर परततात आणि बूट न काढता खुर्चीत झोपतात. लग्न झाल्यापासून नाताळच्या दुपारी नवरा घरी जेवलेला तिनं पाहिला नव्हता. तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही. एकदाच, चहा गाळता गाळता ती मला म्हणाली होती, "दाजी, सगळ्या सांगलीचा नाताळ होतो बघा. आमच्याच घरात तेवढा होत नाही." असं म्हणून तिनं कप माझ्या हातात दिला आणि साखर बरोबर आहे का ते विचारलं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. त्या डिसेंबरात आम्ही दोघं नेहमीपेक्षा थोडे आधी सांगलीला गेलो. साडू मला स्टँडवर न्यायला आले होते. हिला तिच्या भावानं गाडीतून नेलं आणि मी स्कूटरवर मागं बसलो. वाटेत एका रसाच्या गाड्यापाशी साडूंनी स्कूटर थांबवली. मला वाटलं रस पाजणार. पण ते उभ्या केलेल्या स्कूटरला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, पंचवीस तारखेला मला मोठ्या आनंदावर उपदेश करायचाय."

"दरवर्षी करता की," मी म्हटलं.

"दरवर्षी करतो. गेली काही वर्षं नुसताच करतोय. माझ्याकडं आनंद नाही, भाऊ. मी शोधला. सगळे खिसे बघितले. करंज्या सापडल्या."

मी हसलो. ते हसले नाहीत. एरवी असं काही बोलले की माझ्या आधी तेच हसत. चेहरा अगदी साधा होता, माणूस गाडी चुकली हे सांगताना असतो तसा. म्हणाले, "दारावर कागदी तारे दिसले की मी आता राहिलेली घरं मोजायला लागतो. गाणी सुरू झाली की वाटतं, कधी संपतील. जे माझ्यापाशी नाही ते मी लोकांना कसं वाटू? हा नाताळ उरकतो. मग मंडळीच्या पंचांना सांगून टाकतो, दुसरा पाळक बघा. हिला अजून बोललो नाही. तुम्हीही बोलू नका." मी बरं म्हटलं. नोकरीत मी थकलेले ड्रायव्हर पुष्कळ पाहिले होते. त्यांना रजा देऊन घरी पाठवता येत असे. पाळकाला डिसेंबरात रजा कोण देणार? त्या दिवसापासून मला मात्र सांगलीत चैन पडेना. हा माणूस पंचवीस तारखेला सगळ्यांपुढं उभा राहून काय बोलणार, याची धास्ती त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी माधवनगरकडची गाण्यांची फेरी होती. आमची ही फेरी म्हणजे एक टेम्पो, एक पेटी, एक ढोलकी, दहा-बारा गाणारी माणसं आणि घड्याळ बघायला मंडळीचे सेक्रेटरी. घरापुढं उतरायचं, येशूजन्माची दोन गाणी म्हणायची, पाळकांनी प्रार्थना करायची, करंजी घ्यायची, पुढचं घर. ओळखायची खूणही सोपी असते: ज्या घरावर कागदी तारा आणि आत दिवा, ते आपलं घर. त्या दिवशी यादीत एक नवं कुटुंब होतं, कुपवाडच्या कारखान्यात काम करणारं. ते नुकतंच माधवनगरच्या पुढं भाड्यानं राहायला आलेलं. त्या घरच्या कर्त्यानं फोनवर सांगितलं होतं, "उसाचं रान संपलं की उजवीकडं वळा साहेब, पहिला तारा दिसेल तो आमचा." आम्ही वळलो. रानाच्या कडेला एक घर, समोर अंगण, आणि आढ्याला चांगला मोठा पांढरा तारा. सगळे पटापट उतरले, पेटीवाल्यानं भाता हलवला आणि साडूंनी डोळे मिटून गाणं उचललं.

पहिलं कडवं संपता संपता माझं लक्ष अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडं गेलं. पुढं दिवा होता. मग दाराच्या चौकटीवरचा गणपती दिसला. सेक्रेटरींनी तो माझ्याही आधी पाहिला असावा, कारण ते साडूंच्या झग्याची बाही ओढत होते. साडूंनी एक डोळा उघडला, तुळस बघितली, गणपती बघितला, वर ताऱ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. पण सुरू केलेलं गाणं मध्येच सोडणं त्यांना जमत नाही. मोठ्या आवाजात, एका परक्या मराठ्याच्या अंगणात, आम्ही सगळी कडवी पुरी केली. तोवर आतून सून आली, मोठा मुलगा आला, आणि एक म्हातारी बाई डोक्यावर पदर घेत पायरीवर येऊन बसली.

गाणं संपलं तसे साडू हात जोडून म्हणाले, "मावशी, माफ करा. आमचं घर चुकलं. तारा बघून आलो."

"त्यो व्हय?" आजी वर बघून म्हणाली. "दिवाळीचा कंदील हाय त्यो. आमचं धाकलं पोरगं मिल्ट्रीत हाय. दिवाळीला सुट्टी न्हाई गावली त्याला. म्हटलं, त्यो आल्याबगर कंदील उतरायचा न्हाई. समदी हसत्यात. हसू द्यात. पर तुमी असं दारात का हुबं? बसा की. लय ग्वाड म्हणतायसा."

"आम्हाला पुढं जायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

आजीनं त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं साडूंना विचारलं, "कुणाच्या बाळाचं म्हणत हुता?"

"आमच्या देवाच्या, मावशी. येशूच्या. गोठ्यात जन्मला."

"गोठ्यात?" आजीचा हात गालावर गेला. "अगं बया! आन् बाळंतिणीचं कुणी केलं?"

साडू उभे होते ते तिथंच पायरीवर बसले. मी त्यांच्या बाजूला होतो, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसत होता. या गोष्टीवर त्यांनी आयुष्यभर उपदेश केले. ताऱ्यावर केले, मेंढपाळांवर केले, त्या ज्ञानी पुरुषांच्या सोन्यावर आणि ऊदावर केले. बाळंतिणीचं कुणी केलं, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "कुणी नव्हतं, मावशी. नवरा होता फक्त."

"दिस थंडीचं?"

"थंडीचेच म्हणतात."

"मग घरात घ्याचं न्हाई व्हय कुणी?"

"धर्मशाळेत गेले होते. जागा नाही म्हणाले."

"जागा न्हाई म्हणाला? मेल्याच्या घरात बाईमाणूस न्हवतं काय एक?" आजी इतकी चिडली की सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मग फुडं?"

आणि साडू पुढं सांगू लागले. आमच्यातल्या कुणालाही ती गोष्ट सांगावी लागत नाही, आम्ही ती जन्मतःच पाठ करून येतो. आम्हाला सांगताना साडू ती भराभर उरकतात, नेहमीच्या वाटेवरचा ड्रायव्हर गाडी नेतो तसं. इथं मात्र प्रत्येक वळणावर "मग?" असं विचारणारी एक बाई बसली होती. मेंढपाळ आले म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी आलं. घोंगडं तरी दिलं आसंल लेकराला." राजा बाळाच्या जिवावर उठला म्हटल्यावर तिनं सुनेचा हात धरला. आई-बाप बाळाला घेऊन वेळेत निघून गेले हे ऐकलं, तेव्हा तिनं सुस्कारा सोडला. ढोलकीवाला ढोलकी मांडीवर घेऊन ऐकत होता. मीही ऐकत होतो. साडूंचा आवाज चढत गेला, हात हलायला लागले. ती गोष्ट ते स्वतः पहिल्यांदा ऐकत असावेत असं मला वाटलं.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुढचं घर वाट बघत होतं. साडूंनी सवयीनं उठून म्हटलं, "मावशी, तुमच्या मुलासाठी एक प्रार्थना करतो आणि निघतो."

"करा की. पर आदी खावा. गार हुतंय," आजी म्हणाली. सुनेनं तोवर ताटं आणली होती. गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि वाटीभर काकवी, त्यांच्याच उसाची, नुकतीच गुऱ्हाळावरून आलेली. "तुमी ह्या समद्यांचं कोण? भटजी व्हय?"

"तसंच काहीतरी," साडू म्हणाले.

"मग आदी तुमी जेवा. भटजीला कुणी उपाशी धाडतंय व्हय?"

साडू हसले. नुसते गालात नव्हे, चांगले पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते हसणं मी त्यांच्या लग्नात ऐकलं होतं, आणि पुढंही काही वर्षं ऐकत होतो. मधल्या काळात ते कधी बंद झालं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, याचं मला तिथं बसल्या बसल्या फार वाईट वाटलं. त्यांनी वाजणारा फोन माझ्या हातात दिला, मांडी घातली आणि भाकरी काकवीत बुडवून सावकाश जेवले. सेक्रेटरींनी दोनदा घड्याळ बघितलं, मग तेही जेवले. जेवणानंतर साडूंनी त्या सैनिकासाठी प्रार्थना केली, आणि ती बरोबर त्याच्यासाठीच झाली. निघताना आजी म्हणाली, "आसंच चुकून येत जावा."

खरं घर पलीकडच्या वळणावर निघालं. त्यांच्या ताऱ्यातला दिवा नेमका त्याच संध्याकाळी गेला होता. आम्ही गाणी म्हटली, प्रार्थना झाली आणि घरातल्या बाईनं करंज्यांचं ताट पुढं केलं. साडूंनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, "नको, ताई. पोट भरलंय." आम्ही सगळे त्यांच्याकडं बघतच राहिलो. ती बाई म्हणाली, "बरं झालं साहेब, थोड्याच उरल्या होत्या. पोरांना होतील." टेम्पोत बसल्यावर साडूंनी एकदा वळून त्या घराकडं बघितलं. मग मला म्हणाले, "भाऊ, बाई नाराज नाही झाली." मी म्हटलं, "नाही झाली."

पंचवीस तारखेला चर्च भरलं होतं. मी मुद्दाम कडेला बसलो, वेळ पडली तर बाहेर निघता यावं म्हणून. साडू उभे राहिले आणि कागद न उघडता म्हणाले, "मंडळी, येशूचा जन्म झाला तेव्हा त्याच्या आईचं बाळंतपण कुणी केलं?" बायकांच्या बाजूला एकदम कुजबुज झाली. साडूंनी मग चुकलेल्या घराची सगळी गोष्ट सांगितली, आजीच्या शब्दांत, काकवीसकट. शेवटी म्हणाले, "आनंदावर बोलायचं होतं, पण यंदा माझ्यापाशी तो नव्हता. एका अनोळखी बाईनं तो मला बसवून वाढला. माझ्या घरातही एक बाई आहे. तिनं सगळ्यांचं केलं. तिचं कुणी केलं नाही, मी तर नाहीच नाही. आज दुपारी मी घरी जेवणार आहे. दवाखान्यात संध्याकाळी जाईन. आमेन." उपदेश इतका लवकर संपला की पेटीवाला तयारच नव्हता. माझी मेहुणी दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती आणि तिच्या शेजारी बसलेल्या हिनं तिचा हात घट्ट धरला होता.

आता गंमत अशी की साडू घरी आले, पण घरात जेवण नव्हतं. नाताळच्या दुपारी त्या घरात कधी कुणी जेवायला नसे. आम्हाला मेहुणीच्या भावाकडं आमंत्रण होतं, तीही आमच्याबरोबर तिकडंच जायची होती, त्यामुळं तिनं सकाळी काही मांडलंच नव्हतं. नवरा झगा काढून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलेला पाहून ती गोंधळून गेली. "आता काय करू? मटण नाही, काही नाही," म्हणून तिला रडूच आलं. साडू म्हणाले, "पिठलं कर. मी कांदा चिरतो." आम्ही दोघं भावाकडं निघून गेलो. दारातून वळून बघितलं, तर साडू पाटावर बसून कांदा चिरत होते आणि फोन बाहेर खुर्चीवर एकटाच वाजत होता. मेहुणी अजूनही त्या पिठल्याचं वर्णन करते. भाजलेलं जिरं जास्त झालं होतं म्हणते.

पंचांना सांगायचं ते साडूंनी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. काही फार बदललं असंही नाही. डिसेंबर आला की ते अजून धावतात, केक कापतात, देवदूत वाढवतात. नाताळचं दुपारचं जेवण मात्र त्या वर्षापासून घरी ठरलेलं. त्या आजीचा मुलगा पुढच्या महिन्यात सुट्टीवर आला, हे सांगायला साडूंनी मला साताऱ्याला फोन केला होता, जणू काही तो आमच्याच घरातला होता.

येत्या मे महिन्यात साडू निवृत्त होतील. चर्चच्या आवारातलं घर सोडावं लागेल. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला त्यांनी दोन खोल्या बांधल्या आहेत, तिथं जातील. पुढच्या डिसेंबरात नवा पाळक असेल आणि साडू कुठल्यातरी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याचा उपदेश ऐकतील. आम्ही या विषयावर फारसं बोलत नाही. परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, तब्येतींची चौकशी झाली. मग थोडं थांबून म्हणाले, "भाऊ, यंदा फेरी जरा लांबवावी म्हणतोय. दोन-चार दिवस जास्त. सगळी घरं सावकाश करू. घाई नको."

मी म्हटलं, लांबवा. फोन ठेवला. हिनं आतून विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं, कपडे बॅगेत भरायला घे, यंदा आपल्याला सांगलीला लवकर जायचंय.